मी समोर असले की चालणारं मशीन

बंद पडलेल्या मशीनला मी कधी घाबरले नाही. बंद आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटलंय, जळलंय, सुटलंय. शोधलं की सापडतं. मला भीती वाटायची ती मधूनच बंद पडणाऱ्या मशीनची. गिऱ्हाईक सांगतो, "सकाळपासून बंद आहे." आपण बटण दाबतो आणि ते सुरू होतं. गिऱ्हाईक आपल्याकडे बघतो, आपण मशीनकडे बघतो. मग तो म्हणतो, "मॅडम, तुम्हाला बघून चालू झालं," आणि हसत घरी घेऊन जातो. दोन दिवसांनी परत येतो, तेव्हा हसत नाही.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. एका बाजूला माझ्या नवऱ्याचं झेरॉक्स आणि टायपिंग, दुसऱ्या बाजूला माझं टेबल. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरी लग्न होऊन नाशिककडे गेली. नव्वदच्या सुमाराला मी रेडिओ आणि टीव्ही उघडायचे, दहा वर्षांनी त्याच हातांनी कॉम्प्युटर उघडायला लागले. दुकानात आलेला माणूस आधी झेरॉक्सच्या बाजूला जायचा आणि म्हणायचा, "सर, कॉम्प्युटर दाखवायचा होता." नवरा मान न उचलता माझ्याकडे बोट करायचा. तेव्हा त्या माणसाचा चेहरा जसा व्हायचा, तो बघण्यात मला पुढे पुढे मजा वाटायला लागली होती.

मुरबाडच्या एका भातगिरणीतला कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा सकाळी, आणि तिन्ही वेळा तो शहाण्यासारखा चालला. चौथ्या वेळी डबा बांधून घेऊन गेले आणि त्याच्यासमोर बसून राहिले. दोन वाजता गिरणीची मोठी मोटर सुरू झाली, दिवे क्षणभर पिवळे पडले आणि कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांदेखत विझला. दोष त्याच्यात नव्हताच, विजेत होता. त्या दिवशी घरी येताना मी स्वतःला बजावलं होतं, की मधूनच येणारा दोष येईल तेव्हा आपण तिथे असावं लागतं, आणि जो माणूस रोज तिथे असतो त्याचं आधी ऐकावं लागतं.

हे मला ठाऊक होतं. तरी पुढे डोळखांबला जे व्हायचं ते झालंच.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. डोळखांबच्या वर, डोंगराच्या सोंडेवर पायरपाडा आहे. नाव मी बदललंय. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना होता. दोन खोल्या, चार खाटा, औषधाचं एक कपाट. डॉक्टर बुधवारी यायचे. बाकीचे सहा दिवस दवाखाना सांभाळायची एकटी सिस्टर, यमुना पारधी. पंचविशीतली मुलगी. शेजारच्याच पाड्यातली, ठाण्याला नर्सिंग शिकून परत आलेली.

वर मोबाइलला रेंज नव्हती. टेलिफोनची तार डोळखांबपर्यंत येऊन थांबली होती. म्हणून ट्रस्टने अशी सोय केली होती, की डोळखांबला त्यांच्या एका कार्यकर्त्याच्या घरी इंटरनेट घेतलं, त्या घराच्या छपरावर एक अँटेना लावला आणि वर दवाखान्याच्या छपरावर त्याच्याकडे तोंड करून दुसरा. मधे दोन किलोमीटर नुसती हवा. वरच्या अँटेनाची केबल खाली खोलीत येऊन कॉम्प्युटरच्या वायरलेस कार्डात शिरायची. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवलेला छोटा रेडिओच. यमुना पेशंटची माहिती टाइप करायची, मुरबाडला ट्रस्टच्या मुख्य दवाखान्यात डॉक्टर शेटे ती वाचायचे आणि काय करायचं ते उलट लिहून पाठवायचे. नियम कडक होता. गंभीर पेशंटला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय औषध टोचायचं नाही.

कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. मुंबईचा एक तरुण इंजिनिअर सुट्टी काढून आला होता आणि हे सगळं फुकटात उभं करून गेला होता. लिनक्सला व्हायरस लागत नाही, विकत घ्यावं लागत नाही, म्हणून त्याने ते घातलं. नंतर तो परदेशी गेला. मागे एक कागद ठेवून गेला, त्यावर दहा-बारा आज्ञा इंग्रजीत लिहिलेल्या.

मला लिनक्सची धास्ती होती. हे तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. विंडोजमध्ये खिडक्या असतात, बटणं असतात, चुकलं तर मागे जाता येतं. इथे काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि एक आज्ञा चुकीची दिली तर काय पुसलं जाईल याचा भरवसा नाही. मुरबाडहून ट्रस्टचे व्यवस्थापक गोडांबे यांचा फोन आला, "मॅडम, वरची लाइन मधूनच जाते, बघाल का?" तेव्हा मी "हो, बघते की," म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पदराने हात पुसले.

पहिल्यांदा गेले तेव्हा लाइन चालू होती.

"कधी जाते?" मी यमुनाला विचारलं.

"तसं टाइम नाय, मॅडम. पेशंट येतो, मी लिवाया बसते, धाडते, तं जातच नाय पुढं. कंदी दहा-पंधरा मिन्टांनी आपोआप येते. कंदी मशीन बंद करून चालू केली का येते."

"आत्ता तर चालू आहे."

"तुमी आलात ना. कोनी मशीनवर बसलेलं असलं का चालते. मी पेशंटकडं गेले, घटकाभर तिला हात नाय लावला, का मंग जाते."

मी हसले. "मशीनला काय कळतंय, कोण बसलंय नि कोण उठलंय ते?"

 यमुना पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "या चार काड्या हायत ना, त्या लाइन गेली तरी चारच्या चार दिसतात." त्या काड्या म्हणजे सिग्नल किती आहे त्याची खूण. सिग्नल पुरा असताना लाइन गेली, हे मला पटेना. मनात आलं, पोरगी घाईत काहीतरी चुकीचं दाबत असेल. मी कागदावरच्या आज्ञा एकेक करून दिल्या. पडद्यावर कार्डाची सगळी माहिती आली. त्यात एक ओळ होती, 'पॉवर मॅनेजमेंट: ऑन'. मी ती वाचली. पॉवर म्हणजे वीज, ऑन म्हणजे चालू. वीज नीट मिळतेय, असं समजून पुढे गेले. तीन तास बसले, लाइन एकदाही गेली नाही. मी सतत काही ना काही दाबतच होते.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेले, पुन्हा चालू. त्याच आज्ञा पुन्हा दिल्या, तीच माहिती आली. आता मला भीती वाटायला लागली. माझ्या मागे लाइन जाते आणि माझ्यासमोर येते, हे एखाद्या दुकानदाराच्या बाबतीत घडलं तर तो दोन शिव्या देईल, विषय संपेल. इथे चार खाटा होत्या. त्यातल्या एका खाटेवर त्या दिवशी एक म्हातारा दम लागून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता, जणू त्याचा श्वास माझ्याच हातात आहे.

काहीतरी सापडायलाच हवं होतं. म्हणून मी छपरावर चढले. मला उंचीची भीती आहे, लहानपणापासून. पत्र्याच्या वर वीस फूट लोखंडी पाइप, त्याला आडव्या सळया जोडलेल्या, चार बाजूंनी ताणलेल्या तारा. वारा आला की पाइप हलायचा. खाली यमुना दोन्ही हातांनी एक तार धरून उभी होती, जशी काही तिच्यामुळेच मी पडणार नव्हते. "मॅडम, खाली बघू नका गो! वर बघा, वर!" ती ओरडत होती. वर अँटेनाच्या जोडावर गुंडाळलेली टेप सुटली होती आणि आत हिरवा गंज चढला होता. पाऊस आत गेला होता. तो गंज बघून मला इतका आनंद झाला की उंचीचं भान गेलं. मी जोड बदलला, नवी टेप गुंडाळली आणि खाली उतरले.

निघताना मी पडद्यावर एक छोटी खिडकी उघडून ठेवली. आमच्या धंद्यात त्याला पिंग म्हणतात. वरचा कॉम्प्युटर दर सेकंदाला खालच्या यंत्राला विचारतो, "आहेस का?" आणि ते म्हणतं, "आहे." उत्तर आलं की एक ओळ उमटते. यमुनाला म्हटलं, "ही बंद करू नकोस. विजा कडकडल्या तरच मशीन बंद कर. ओळी थांबल्या तर किती वाजता थांबल्या तेवढं लिहून ठेव." आणि ट्रस्टच्या कागदावर लिहिलं, 'दोष सापडला. छपरावरचा गंजलेला जोड बदलला. लाइन पूर्णपणे दुरुस्त.' खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला.

अकरा दिवस ओळी थांबल्या नाहीत. गोडांबेंनी फोन करून शाबासकी दिली. मी दुकानात येईल त्याला छपराची गोष्ट सांगत होते.

तेराव्या दिवशी, भातकापणीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला ट्रस्टची जीप दुकानासमोर थांबली. गोडांबे स्वतः उतरले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"मॅडम, वर यायचंय. आत्ता."

"लाइन गेली?"

"नाही. लाइन ठीक आहे. तेवढंच तुम्ही लिहून द्यायचंय."

जीपमध्ये त्यांनी सांगितलं. पायरपाड्यातली कमळी नावाची बाई शेतातल्या खोपीत भाताची राखण करायला झोपली होती. आदल्या दिवशी पहाटे तिला मण्यार चावली. उजाडल्यावर नवऱ्याने आणि दिराने तिला झोळीत घालून दवाखान्यात आणलं. यमुनाने डॉक्टरांच्या लेखी सूचनेची वाट न बघता सर्पदंशाची लस सुरू केली. आता कमळी मुरबाडला ट्रस्टच्या मुख्य दवाखान्यात होती, नळीने श्वास देत होते, वाचेल की नाही सांगता येत नव्हतं.

"त्या लसीचीच काही जणांना उलटी रिअ‍ॅक्शन येते," गोडांबे म्हणाले. "उद्या ती बाई गेली तर लोक विचारतील, नर्सने कुणाला विचारून दिलं? सिस्टर म्हणते लाइन नव्हती. शेटे डॉक्टरांच्या मशीनवर दिसतंय, ती सात पस्तीसला लाइनवर आली. लस सुरू केली सात दहाला. आणि तुमच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे, लाइन पूर्ण दुरुस्त म्हणून. कोण खरं?"

 किन्हवलीचा फाटा मागे पडला, डोळखांबचा चढ लागला, आणि माझ्या कानात माझीच वाक्यं वाजत होती. 'पूर्णपणे दुरुस्त.' लाइन खरंच ठीक असली तर ती पोरगी खोटी ठरत होती. लाइन ठीक नसली तर मी. आणि कमळी गेली, तर आमच्या दोघींतल्या एकीच्या माथी ते बसणार होतं. लाज वाटते, पण खरं लिहिते. त्या चढावर मी मनातल्या मनात म्हणत होते, लाइन चालू असू दे.

लाइन चालू होती. गोडांबेंनी स्वतः खुर्चीत बसून मुरबाडला दोन ओळी पाठवल्या, उत्तर आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.

यमुना औषधाच्या कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. डोळे सुजलेले. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "काय झालं ते मला सांग. पहिल्यापासून."

"सात वाजायच्या आधी आनली. चालत नव्हती, बोलनं जड झालेलं. पोटात दुखतं म्हनली. मी पापन्या बघितल्या, त्या पडत व्हत्या. उघडायला सांगितलं तं उघडीना. मी लिवलं, धाडलं. नाय गेलं. परत धाडलं, नाय गेलं. काड्या चार. मंग मशीन बंद केली, चालू केली. तं काळा पडदा आला आनि मशीन सोताचीच तपासनी करीत बसली. पाच टक्के, सहा टक्के..." ती थांबली. "तिचा नवरा इचारत व्हता, सिस्टर, काय लिवलंय त्याच्यात? मी काय सांगू, सहा टक्के म्हून?"

लिनक्सचं असं आहे, की ते धड बंद न होता पुन्हा सुरू झालं तर कधी कधी आधी आपली आख्खी डिस्क तपासतं. जुन्या मशीनला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर पडद्यावर नुसते टक्के चढत राहतात. म्हणजे सात पस्तीसचा हिशेब लागत होता. तपासणी संपली, मशीन सुरू झालं, लाइन आली. पण सात वाजता लाइन का नव्हती?

मी उठून पडद्यासमोर गेले. काहीतरी कमी वाटत होतं, आणि मग लक्षात आलं.

"ती खिडकी कुठे आहे? मी उघडून ठेवलेली, ओळी येणारी?"

"परवा इजा कडकडल्या. मी मशीन बंद केली, तुमीच सांगितलं व्हतं. परत चालू केल्यावर खिडकी आलीच नाय. मला वाटलं, काम झालं म्हून गेली आसंल."

मला घाम फुटला. खरोखर, कानामागून मानेवर उतरलेला घाम अजून आठवतो. परवा खिडकी गेली आणि काल लाइन गेली. ती खिडकी दर सेकंदाला कार्डाला काम देत होती, म्हणून अकरा दिवस लाइन चालली. गंजलेल्या जोडाचा काही संबंध नव्हता. मी समोर बसून बटणं दाबायचे तेव्हा चालायची, उठले की जायची. पहिल्या दिवशी या पोरीने मला हेच, याच शब्दांत सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

"साहेब," मी गोडांबेंना म्हटलं, "अर्धा तास कुणी मशीनला हात लावायचा नाही."

"कशासाठी? चालतंय की."

"चालतंय म्हणूनच."

आम्ही तिघं बसलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर कुणीतरी भाताचे भारे नेत होतं, त्यांची सळसळ ऐकू येत होती. दहा मिनिटं झाली. गोडांबेंनी हात पुढे केला, मी जवळजवळ ओरडले, "नको!" त्यांनी हात मागे घेतला. यमुना माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. लाइन जावी असं वाटत होतं, आणि ती गेली की मी संपले, हेही दिसत होतं.

पंचवीस मिनिटांनी मी म्हटलं, "यमुना, ये. डॉक्टरांना विचार, कमळी कशी आहे."

तिने टाइप केलं. पाठवलं. पडद्यावरचं चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. कोपऱ्यात काड्या चारच्या चार.

गोडांबे पुढे वाकले. "सिग्नल तर पूर्ण आहे."

"या काड्या जुनंच दाखवतायत, साहेब. लाइन गेलीय."

त्यांनी स्वतः दोनदा पाठवून बघितलं. मग हळूच खुर्ची मागे सरकवली.  यमुनाने पदराचा बोळा तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले.

मी काळा पडदा उघडला. कागदावरची आज्ञा दिली, कार्डाची माहिती आली, आणि ती ओळ तिथेच होती. 'पॉवर मॅनेजमेंट: ऑन'. ते विजेबद्दल नव्हतं. त्याचा अर्थ, वीज वाचवण्यासाठी कार्ड झोपायला मोकळं आहे. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून केलेली सोय. काम नसलं की कार्ड डुलकी घेतं. बऱ्याच कार्डांना हाक मारली की जाग येते. या कार्डाला यायची नाही. खालचं यंत्र थोडा वेळ वाट बघायचं आणि वरचा कोणी उरला नाही असं समजून नातं तोडायचं. मधल्या काळात कधीतरी लिनक्सची नवी सुधारणा आपोआप बसली होती, तिने ही झोप चालू केली असणार. ही ओळ मी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा पुढे गेले होते.

झोप बंद करायला एक ओळ पुरली. मशीन दर वेळी सुरू होताना ती ओळ आपोआप चालावी म्हणून ती एका फाइलमध्ये लिहायची होती. तिथे माझी बोटं तीन वेळा चुकली. यमुना मागे उभी राहून प्रत्येक अक्षर कागदाशी ताडून बघत होती. "मॅडम, हितं जागा सोडलीय, तुमी नाय सोडली," ती म्हणाली. बरोबर होतं तिचं.

"आता मी बाहेर जाते," मी म्हटलं. "साहेब, तुम्हीपण चला. यमुना, तू पेशंटचं काम कर. मशीनकडे जाऊ नकोस. पाऊण तासाने एकटीच बस आणि पाठव."

बाहेर दगडावर बसून काढलेला तो पाऊण तास माझ्या सगळ्या धंद्यातला सगळ्यात लांब. समोर उतारावर पिवळं भात, त्याच्याखाली डोळखांबची छपरं. त्यातल्या एका छपरावर आमचा दुसरा अँटेना असणार, दिसत मात्र नव्हता. गोडांबेंनी दोनदा घड्याळ बघितलं. आतून काही आवाज नाही. मी मनात म्हणत होते, मला अजून काहीतरी कळलेलं नाही, अजून एखादी ओळ मी वाचून पुढे गेलेय.

मग यमुना दारात आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं. उत्तर आलं."  "शेटे डॉक्टर लिवतात, कमळीनं डोळे उघडले. वेळेवर दिलं म्हून, असं लिवलंय. मी चारदा वाचलं."

गोडांबे उठले, आत जाऊन त्यांनी स्वतः वाचलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "मॅडम, रिपोर्ट लिहा. तांत्रिक दोष होता, दूर केला, एवढंच. जुन्या रिपोर्टचा उल्लेख नको. तुमच्याही दृष्टीने बरं, माझ्याही."

मी लगेच नाही म्हटलं असं नाही. पेन हातात धरून बसले होते. शहापूर केवढं, मुरबाड केवढं! गोष्ट फिरायला दोन दिवस लागत नाहीत. बाईमाणूस आहे, जोड बदलून आली आणि दुरुस्त म्हणून सही केली. उद्यापासून झेरॉक्सच्या बाजूला येणारा माणूस नवऱ्याच्या बोटाकडे बघून परत फिरेल. पण कागदावर माझी सही नसती, तर या पोरीवर कुणी संशयच घेतला नसता. मी लिहिलं, 'मी आधी दिलेला अहवाल चुकीचा होता. दोष तेव्हा सापडला नव्हता. सिस्टर पारधी यांनी पहिल्या भेटीतच दोषाचं अचूक वर्णन केलं होतं, ते मी ऐकलं नाही. घटनेच्या सकाळी लाइन बंद होती.' सही वाकडी आली.

ट्रस्टच्या बैठकीत तो कागद वाचला गेला. यमुनाची नोकरी राहिली, आणि सर्पदंशाच्या लसीचा पहिला डोस विचारल्याशिवाय द्यायची मुभा नर्सला मिळाली. कमळी नऊ दिवसांनी घरी आली. पुढच्या वर्षी ट्रस्टने मशीनचं काम मुरबाडच्या एका मुलाला दिलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही.

त्या दिवशी यमुना मला सोडायला डोळखांबच्या रस्त्यापर्यंत उतरून आली. गोडांबेंची जीप पुढे गेली होती, मी एसटीने जाणार म्हटलं. मी तिला विचारलं, "लस देताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना! नाय दिली तं मरंल म्हून भ्याले, दिली तं माज्या हातानं मरंल म्हून भ्याले. सलाइनची सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली."

"मी तुझं ऐकायला पाहिजे होतं."

ती वळणावरून एसटी येतेय का बघत राहिली. एसटी आली तेव्हा म्हणाली, "आता रोज फोन करून इचारू नका, चालतंय का म्हून. खाली कार्यकर्त्याच्या घरी निरोप येतो, मंग कोनीतरी डोंगर चढून मला सांगाया येतं. नाय चाललं तं मीच करीन फोन."

मी फोन केला नाही. पण पुढचे कित्येक दिवस दुकानातला फोन वाजला की माझं काम थांबायचं. नवरा फोन उचलायचा आणि मी हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. कुणाला टायपिंग हवं असायचं, कुणाचा प्रिंटर अडकलेला असायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "डोळखांबहून आहे. सिस्टर."

मी फोन घेतला.  "काय झालं? लाइन गेली?"

"नाय," यमुना म्हणाली. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. "चालतंय. बाजाराला आले व्हते, तं केला फोन. कायपन झालं नाय, मॅडम. तेवढंच सांगायचं व्हतं."